चित्रपट-कॅमेऱ्यांचे पुनरुज्जीवन व ध्वनिरोधन

फिल्मवर चित्रण करणारे जुने कॅमेरे खोलून, साफ करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा अचूक चालते करणे आणि त्यांच्या यंत्रणेची घरघर ध्वनिमुद्रणात उतरणार नाही इतकी कमी करणे, असे या कारागिरीचे दुहेरी स्वरूप आहे. ही दोन कामे वेगवेगळी समजली जातात, पण तशी ती नाहीत. जुन्या कॅमेऱ्याच्या आवाजातला बराच भाग झीज, वाळलेले वंगण आणि बिघडलेली जुळणी यांतून येतो. तो तसाच ठेवून वरून कितीही जाड आवरण चढवले, तरी कॅमेरा आतून झिजतच राहतो आणि आवाजही पुरता जात नाही.

आवाज होतो तो फिल्मला थांबावे लागते म्हणून. सेकंदाला २४ चित्रे घ्यायची तर फिल्म सेकंदातून २४ वेळा पुढे सरकून पूर्ण स्थिर झाली पाहिजे. ३५ मिमी फिल्मच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक चित्राला कडेची ४ छिद्रे, म्हणजे सुमारे १९ मिमी लांबी लागते. क्लॉ नावाचा आकडा छिद्रांत शिरतो, फिल्म खाली ओढतो, बाहेर पडतो. काही कॅमेऱ्यांत त्यानंतर रजिस्ट्रेशन पिन छिद्रात बसून फिल्म जागच्या जागी धरते. दर फेरीला धातू फिल्मवर आपटतो आणि ताणलेली फिल्म ढोलाच्या चामड्यासारखी वाजते. त्यात गिअरची घरघर, गेटच्या, म्हणजे लेन्समागे फिल्म धरणाऱ्या चौकटीच्या, वर-खाली सोडलेल्या लूपची (फिल्मच्या सैल वळणाची) फडफड, मॅगझिनमधल्या, म्हणजे फिल्मच्या डब्यातल्या, रिळांचे घासणे आणि मोटरची गुणगुण मिसळते. कॅमेऱ्याची पत्र्याची किंवा ओतीव धातूची पेटी हे सगळे उचलून मोठे करते.

मूकपटांच्या काळात याची कोणालाच फिकीर नव्हती. १९१२च्या सुमारास आलेला बेल अँड हॉवेल २७०९ स्थिर पिनांमुळे चित्राच्या अचूकतेत अव्वल होता, पण चालताना खडखडाट करी. १९२७नंतर बोलपट आले आणि त्यांनी हा खडखडाट एकदम असह्य केला. सुरुवातीला कॅमेरा आणि छायालेखक यांना काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात कोंडले जाई. आत उकाडा असह्य होता, आणि कॅमेरा हलवायची सोयही उरली नाही. मग खोक्याऐवजी फक्त कॅमेऱ्याभोवती बसणारे कवच आले. त्याला ब्लिंप म्हणतात. हे नाव फुगीर हवाई जहाजावरून पडले. मिचेल कंपनीचा १९३२चा एनसी हा कॅमेरा मुळातच कमी आवाजाचा होता. १९३४च्या बीएनसीमध्ये कवच कॅमेऱ्याचाच भाग झाले आणि पुढची कित्येक वर्षे स्टुडिओंतले संवाद त्याच्यासमोर बोलले गेले. १९३७च्या आरिफ्लेक्स ३५ने फिरत्या आरशाच्या शटरमधून थेट लेन्समधले दृश्य दाखवले. तो हलका होता, पण शांत मुळीच नव्हता. हातात धरून संवादासह चित्रण करता येईल इतके शांत ३५ मिमी कॅमेरे, म्हणजे आरिफ्लेक्स ३५बीएल आणि पॅनाफ्लेक्स, १९७२मध्ये आले.

पुनरुज्जीवनाची पहिली पायरी म्हणजे कॅमेरा लगेच न चालवणे. दशकानुदशके पडून असलेल्या यंत्रात तेलाचे राळेसारखे थर झालेले असतात. त्या अवस्थेत मोटर सुरू केली तर गिअरचे दाते तुटू शकतात. आधी यंत्रणा हाताच्या नॉबने सावकाश फिरवून कुठे अडते ते बघावे. मॅगझिन अंधारातच उघडावे, कारण आत न धुतलेली फिल्म राहिलेली असू शकते आणि तिच्यावर कोणाचे तरी हरवलेले चित्रण असू शकते. ती फिल्म फार जुनी, नायट्रेटची असेल तर ती अत्यंत ज्वालाग्राही असते. तिला घरगुती प्रयोगाचा विषय न करता जाणकार संग्रहालयाकडे सोपवावे.

सुटे करताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. कागदाएवढ्या पातळ शिम्स, म्हणजे जाडी जुळवणाऱ्या चकत्या, ज्या जागेवरून निघाल्या त्याच जागी परत गेल्या पाहिजेत. कारखान्यात प्रत्येक कॅमेऱ्याची जुळणी त्याची त्याची वेगळी केलेली असते, म्हणून त्यांची अदलाबदल झाली की तासन्‌तासांचे मोजमाप पुन्हा करावे लागते. शटरच्या आरशाला पृष्ठावरच लेप असतो. त्याला बोट किंवा कापड लावू नये. तेल मोजूनच द्यावे. जास्तीचे तेल वेगाने उडून फिल्मवर आणि आरशावर बसते.

आवाजाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक जुळणी क्लॉची. एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात. ३५ मिमी निगेटिव्हचा पिच ४.७४० मिमी असतो, तर प्रिंट फिल्मचा ४.७५० मिमी. फरक फक्त एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण क्लॉ छिद्राच्या कडेवर थोडा आधी किंवा उशिरा टेकला की त्याची टिकटिक लगेच कानाला कळते. म्हणूनच काही कॅमेऱ्यांत चालू असतानाच पिच जुळवण्याचा स्क्रू दिलेला असतो. तो फिरवताना एका ठिकाणी आवाज अचानक मऊ होतो, आणि तीच योग्य जागा. वाया गेलेली, आखडलेली फिल्म घालून ही जुळणी केली तर ती ताज्या फिल्मवर चुकते. १६ मिमी कॅमेऱ्यांत आणखी एक धोका आहे. जुन्या यंत्रांत स्प्रॉकेटला, म्हणजे फिल्म सरकवणाऱ्या दातेरी चाकाला, दोन्ही बाजूंना दाते असू शकतात, तर आज मिळणाऱ्या १६ मिमी फिल्मला बहुधा एकाच कडेला छिद्रे असतात. असे स्प्रॉकेट बदलल्याशिवाय ती फिल्म घातली तर दाते तिची कोरी कड फोडतात.

यानंतर लेन्स-माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून, फिल्मच्या पातळीपर्यंतचे अंतर. आरिफ्लेक्सच्या पीएल माउंटला ते ५२.०० मिमी, सी माउंटला १७.५२६ मिमी असते. यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी चूकही रुंद कोनाच्या लेन्सवर चित्र धूसर करते, म्हणून ते डेप्थ गेज या खोली मोजणाऱ्या साधनाने मोजतात आणि कॉलिमेटर या प्रकाशीय उपकरणाने पडताळतात. खरा पेच इथेच आहे. तीक्ष्ण चित्रासाठी लेन्स आणि गेट एकमेकांना दगडासारखे घट्ट जोडलेले हवेत, पण आवाज अडवायचा तर गेटची थरथर लेन्सपर्यंत पोहोचताच कामा नये. लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडाशी असल्याने ती कर्ण्यासारखी आवाज बाहेर फेकते. ३५बीएलच्या आरंभीच्या रूपात लेन्सवरही वेगळे कवच चढवावे लागे, ते याचमुळे.

मोटर बोलपटासाठी अचूक वेगाची हवी. सेकंदाला २४ऐवजी २४.१ चित्रे पडली तर एका मिनिटात ६ चित्रांची तफावत पडते आणि ओठ व शब्द उघड उघड वेगळे होतात. जुन्या मोटरीला क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे नियंत्रण जोडून हे सोडवतात. अशी जोडणी मूळ शरीराला भोक न पाडता करणे शक्य असते, आणि तशीच करावी.

यंत्रणा नीट बसल्यावर मग ध्वनिरोधन. त्याची तीन साधने आहेत. पहिले वजन: आवरणाच्या एकक क्षेत्रफळामागचे वजन दुप्पट केले की अडवलेला आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणून शिशाचा पातळ पत्रा वापरतात. तो हाताळताना हातमोजे आणि धुळीपासून बचाव आवश्यक आहे. दुसरे शोषण: आत नमद्याचा किंवा फोमचा थर, ज्यामुळे कोंडलेला आवाज भिंतींवर आपटत राहत नाही. तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे तोडलेला संपर्क. कॅमेरा कवचात रबरी पायांवर तरंगता हवा. एखादा स्क्रू किंवा फोकसचा दांडा धातूला धातू टेकवत असेल तर वजन आणि शोषणावर केलेली मेहनत त्या एका वाटेने गळून जाते. फटीचेही तसेच. कवचाच्या पृष्ठाच्या शंभराव्या भागाएवढी उघडी जागा राहिली तरी एकूण रोध २० डेसिबलच्या वर जात नाही. दारांच्या कडांचे रबर, केबलची भोके, समोरची काच या सगळ्यांवर बारीक लक्ष द्यावे. काच दृश्यावर परिणाम न करणारी, दर्जेदार हवी. ती किंचित तिरकी बसवली तर लेन्सकडे परत येणारी झळाळी टळते.

जुन्या ब्लिंपमधला फोम बहुधा चिकट भुकटी होऊन यंत्रणेत झिरपलेला सापडतो. रबरी पाय कडक होतात किंवा खचतात, आणि खचलेल्या पायांवर कॅमेरा कवचाला टेकतो. त्यामुळे कवच भक्कम दिसत असूनही आवाज येतो, आणि याचा दोष हमखास फिल्मला दिला जातो. जिथे कवचच नाही तिथे बार्नी, म्हणजे शिशाचा किंवा जड रबराचा थर शिवलेली मऊ झूल, वापरतात. ती फिल्मची सरसर आणि गिअरचा तीव्र आवाज चांगला दाबते, पण जड घरघर तिच्याने फारशी अडत नाही. दाट झुलीत मोटर तापते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आवाज मोजताना कॅमेऱ्यात फिल्म आणि तोंडाला लेन्स असायलाच हवी. रिकामा कॅमेरा खोटे समाधान देतो. उत्तम स्टुडिओ कॅमेरे १ मीटरवरून २० ते २५ डेसिबलच्या आसपास असतात. आरिफ्लेक्स ३५चे नंतरचे रूप असलेला IIC कितीही निगुतीने दुरुस्त केला तरी मोठ्या ब्लिंपशिवाय तिथे पोहोचणार नाही, आणि त्याला तिथे न्यायचा हट्ट धरू नये. मूक चित्रणासाठी तो आजही उत्कृष्ट यंत्र आहे.

मूळ रूप किती बदलावे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. अनेक मिचेल बीएनसींना नंतर आरशाचे शटर बसवले गेले आणि ते वापरायला सोपे झाले. पण १९७५च्या ‘बॅरी लिंडन’साठी स्टॅनली कुब्रिक यांना झाइसची ५० मिमी, एफ ०.७ ही लेन्स वापरायची होती. तिचे मागचे भिंग फिल्मच्या इतके जवळ येई की मध्ये आरशाला जागाच नव्हती, आणि तेव्हा आरसा नसलेला बीएनसीच कामी आला. प्रत्येक बदल परत फिरवता येईल असा करावा आणि काढलेला भाग चिठ्ठी लावून कॅमेऱ्याबरोबरच ठेवावा, हा पायंडा अशा अनुभवांतून पडला आहे.