प्लेसहोल्डर आणि ‘लाइक’मधले एस्केपिंग ही दोन वेगळी कामे आहेत

“आम्ही प्लेसहोल्डर वापरतो, त्यामुळे शोधाची क्वेरी सुरक्षित आहे” हे विधान कोड रिव्ह्यूमध्ये वारंवार ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे.

प्लेसहोल्डर म्हणजे डेटाबेसच्या क्वेरीत मूल्यासाठी राखलेली जागा; मूल्य तिथे वेगळे पाठवले जाते. वापरकर्त्याने दिलेले मूल्य क्वेरीच्या मजकुरात मिसळत नाही, म्हणून त्यातले अवतरणचिन्ह क्वेरीची रचना मोडू शकत नाही. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे मूल्यातून क्वेरीत घातक आदेश घुसवणे, रोखण्यासाठी तो हवाच.

घोटाळा पुढे होतो. मूल्य सुखरूप पोहोचले तरी ‘लाइक’ (LIKE), म्हणजे मजकूर नमुन्याशी जुळवणारा एसक्यूएलचा ऑपरेटर, ते पॅटर्न म्हणूनच वाचतो, आणि पॅटर्नमध्ये % म्हणजे कितीही अक्षरे, अगदी शून्यसुद्धा, तर _ म्हणजे नेमके एक अक्षर. वापरकर्त्याने 50% शोधले आणि आपण दोन्ही बाजूंना % जोडले की पॅटर्न %50%% होतो आणि 1500 ची नोंदही निकालात येते. क_101 हा माल-क्रमांक शोधला तर क-101 देखील जुळतो. एरर येत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. मात्र हीच अट डिलीटच्या क्वेरीत असेल, तर भलत्याच नोंदी पुसल्या जातात.

म्हणून मूल्य प्लेसहोल्डरला जोडण्यापूर्वी (बाइंड करण्यापूर्वी) त्यातली ही चिन्हे एस्केप करावी लागतात, म्हणजे पुढे एक खास चिन्ह लावून ती साधी अक्षरे ठरवावी लागतात, आणि तिथे क्रम महत्त्वाचा आहे. एस्केपचे चिन्ह ! ठरवले, तर मूल्यातले ! आधी दुप्पट करावे आणि मगच % व _ यांच्यापुढे ! लावावे. उलट केले तर % चे आधी !% आणि नंतर !!% होते, त्याचा अर्थ साधे ! आणि त्यामागे पुन्हा मोकाट %.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस बॅकस्लॅशला (\) आपणहून एस्केप मानतात, एसक्यूलाइट आणि ओरॅकल मानत नाहीत, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये [ हे चिन्हही विशेष आहे. डीफॉल्टवर विसंबून राहणे मला मुळीच मान्य नाही. एस्केपचे चिन्ह कोणते ते सांगणारे ‘एस्केप’ कलम प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावे, आणि चिन्ह बॅकस्लॅश नसावे, कारण मायएसक्यूएलच्या स्ट्रिंगमध्ये सहसा त्यालाच पुन्हा एस्केप करावे लागते. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधले ‘कंटेन्स’ हे काम स्वतः करते. हाताने लिहिलेल्या क्वेरीत ते आपल्यालाच करावे लागते.

मजकूर कुठेतरी आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर मी ‘लाइक’ टाळून मायएसक्यूएल, एसक्यूलाइट आणि ओरॅकलमध्ये ‘इन्स्ट्र’ आणि पोस्टग्रेसमध्ये ‘पोझिशन’ ही मजकुराचे स्थान शोधणारी फंक्शन्स वापरतो. सुरुवातीला % असलेल्या ‘लाइक’ला साध्या बी-ट्री इंडेक्सचा (मूल्ये क्रमाने लावलेल्या सूचीचा) शोधासाठी तसाही उपयोग होत नाही.