खरकटा हात आणि दाराची मूठ

बेळगावात बीएस्सी करत होतो तेव्हाची गोष्ट. एका सकाळी माझी तर्जनी आणि अंगठा पिवळेधमक झालेले दिसले. हळद म्हणावी तर साबणाने जाईना. आदल्या दिवशी मी ॲसिडच्या बाटलीला हातही लावला नव्हता. लावला होता तो जिन्याजवळच्या दाराच्या मुठीला, कँटीनमध्ये जाताना. सरांनी बोटं पाहिली आणि म्हणाले, "नायट्रिक. आता कातडी निघेपर्यंत मिरव की."

नायट्रिक ॲसिड कातडीतल्या प्रथिनांना भिडतं. टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांतल्या कड्यांना नायट्रो गट चिकटतो, आणि जे नवं संयुग तयार होतं त्याचा रंगच पिवळा. डाग वर बसलेला नसतो, कातडीच बदललेली असते. म्हणून तो धुतला जात नाही, जुन्या कातडीबरोबर गळून पडतो.

मुठीला ते लावलं कोणी? बहुधा हातमोजे घालून बाटली नेणाऱ्या कोणीतरी. त्याने नियम पाळला होता, हीच तर गंमत. हातमोज्याने त्याचा हात वाचला, माझा नाही. शिवाय मोज्यातून ओल कळत नाही, म्हणून आपण काय कुठे लावत चाललोय याचा त्यालाही पत्ता नसतो.

यावरचा उपाय आपल्या घरात फार जुना आहे. उजव्या हाताने जेवताना आमटीची पळी डाव्या हाताने धरायची. खरकटा हात भांड्याला लागला की आजी ओरडलीच. रसायनं नेतानाही हेच: एका हातात मोजा, त्याने बाटली सांभाळायची, दुसरा हात उघडा, त्याने दार, कठडा, लिफ्टचं बटण. एकाच इमारतीत वर प्रयोगशाळा आणि खाली फीचं काउंटर असेल, तर तिथे फी भरायला आलेल्या पालकांना मोजा घालायला कोण सांगणार?

त्याहून बरी युक्ती म्हणजे बाटली झाकण घट्ट लावून कडीच्या रबरी बादलीत ठेवायची. बादली बाहेरून स्वच्छ, म्हणून ती उघड्या हाताने उचलता येते. मोजे खिशात, सांडलंच तर लागतील म्हणून. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड पाण्याच्या 1.84 पट जड असतं. अडीच लिटरच्या बाटलीत नुसतं ॲसिडच 4.6 किलो भरतं, काचेचं वजन वेगळं. मानेला धरून असं ओझं जिन्याने नेणं, तेही जुलैत, छत्र्यांच्या पाण्याने फरशी निसरडी झालेली असताना, म्हणजे धाडसच. बादली असेल तर बाटली फुटली तरी ॲसिड बादलीतच राहतं. चष्मा आणि सुती कोट मात्र वाटेतही अंगावर हवेत. सिंथेटिक कापड पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं.

आणि मोजा म्हणजे भिंत नव्हे. प्रयोगशाळेतल्या पातळ नायट्राइल मोज्यातून ॲसिटोन काही मिनिटांतच आरपार जातं. 1996 साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्स मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. मोजा फाटला नव्हता. तरी पुढच्या वर्षी पाऱ्याच्या विषबाधेने त्या गेल्या.

काही गोष्टींपुढे मोजा, चष्मा, कोट सगळंच फोल. खानापूर-निपाणीकडच्या गोठ्यांत गायी भरवायला येणाऱ्या डॉक्टरांकडे वाफाळणारं नळकांडं असतं, ते आठवा. त्यात उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन असतो. एक लिटर द्रवाचा सुमारे 700 लिटर वायू होतो. लिफ्टमध्ये पाच लिटर सांडला तर साडेतीन हजार लिटर. छोट्या लिफ्टची आतली जागाच साधारण तेवढी. नायट्रोजनला वास नाही, त्याने ठसकाही लागत नाही, आणि माणूस प्राणवायूविना बेशुद्ध पडतो. म्हणून नळकांडं लिफ्टमध्ये एकटं पाठवतात, "आत येऊ नका" अशी पाटी लावून. एक माणूस खाली बटण दाबतो, दुसरा वर वाट बघत उभा राहतो. आमच्याकडे ती पाटी कन्नड आणि मराठी, दोन्हीत लिहिलेली बरी.