दोन सीपीयूंचा डेस्कटॉप: आधी रॅमचा विचार करा

जुन्या सर्व्हरमधून निघालेले झिऑन, म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे सीपीयू, स्वस्तात मिळतात, त्यामुळे घरच्या डेस्कटॉपला दोन सीपीयू बसवायचा मोह होतो. त्यातलं ई५-२६८० व्ही४ हे मॉडेल घेतलं तर प्रत्येकी १४, म्हणजे एकूण २८ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) मिळतात. पण वेग दुप्पट होत नाही. समजा, कामाचा ९० टक्के भाग सगळ्या कोअरना वाटून देता येतो आणि उरलेला १० टक्के एकाच कोअरला करावा लागतो. ॲमडालच्या नियमानुसार हे काम एका कोअरच्या तुलनेत १४ कोअरवर ६.१ पट, तर २८ कोअरवर ७.६ पट वेगाने होईल. अख्ख्या दुसऱ्या सीपीयूची कमाई जेमतेम २४ टक्के.

त्यात रॅम विभागलेली असते. प्रत्येक सीपीयूला स्वतःचे चार मेमरी चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे मार्ग, असतात. शेजारच्या सीपीयूच्या रॅममधला डेटा दोन सीपीयूंना जोडणाऱ्या क्यूपीआय लिंकवरून आणावा लागतो आणि त्याला जास्त वेळ लागतो. गेम आणि फोटो एडिटिंगसाठी म्हणूनच ही जोडी घेऊ नये. एएमडीचा एकटा रायझन ९ ७९५०एक्स सीपीयू तिथे खूप पुढे आहे. एकाच वेळी अनेक व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले कॉम्प्युटर) चालवायची असतील, २५६ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम हवी असेल, तरच दोन सीपीयू घेण्यात अर्थ आहे.

खरेदी करताना ई५-१६०० मालिका टाळा. ती जोडीने चालत नाही. २६०० मालिकेतले एकाच मॉडेलचे दोन घ्या. रॅम रजिस्टर्ड ईसीसी (सर्व्हरमध्ये वापरतात ती, डेटातल्या चुका सुधारणारी) घ्या, प्रत्येक सीपीयूला चार स्टिक. सगळ्या स्टिक एकाच बाजूला लावल्या तर दुसऱ्या सीपीयूला प्रत्येक वेळी लिंक ओलांडावी लागते. असे बरेच बोर्ड १२ × १३ इंचांचे असतात, साध्या कॅबिनेटमध्ये मावत नाहीत. एसएमपीएसला (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला) सीपीयूच्या ८ पिनच्या दोन केबल हव्यात. कूलर घेण्याआधी सॉकेटच्या स्क्रूंमधलं अंतर मोजा: चौकोनी सॉकेटला ८० × ८० मिमी, अरुंद सॉकेटला ५६ × ९४ मिमी.

सेकंडहँड बोर्डात सगळ्यात जपून पाहायचं ते सॉकेट. त्यात २०११ बारीक पिना असतात. टॉर्च तिरका धरला की पिनांच्या रांगा एकसारख्या चमकतात. वाकलेली पिन त्या रांगेत लगेच खुपते. अशी एखादी पिन असली तरी कॉम्प्युटर बऱ्याचदा सुरू होतो, पण रॅमचा एखादा चॅनेल गायब होतो. लोक मग विनाकारण रॅम बदलत बसतात.

विंडोज होम एकच सीपीयू वापरतं, दोनसाठी प्रो लागतं. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे झिऑन नाहीत आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे लिनक्स बरं. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनचे कोअर आणि रॅम एकाच सीपीयूच्या बाजूला बांधून ठेवा. लिंकवरची ये-जा बरीच वाचते.

यूपीएसचाही हिशेब करा. पूर्ण लोडवर दोन सीपीयूच सुमारे २४० वॉट घेतात. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. मोठं ग्राफिक्स कार्ड लावलं की वीज जाताच हा यूपीएस मशीन बंद पाडेल.