ऑक्सिडेटिव्ह ताण, आहार आणि चयापचयाचे आजार

पेशींत तयार होणारी ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे आणि त्यांना आवरणारी यंत्रणा यांचा तोल ढळला, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये ही संकल्पना मांडली. टाइप २ मधुमेह आणि फॅटी लिव्हर यांत हा ताण कारणही असतो आणि परिणामही.

पेशीत काय होते
गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज आणि मेदाम्ले येऊ लागली, की मायटोकाँड्रियातून (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतून) इलेक्ट्रॉन निसटतात आणि ऑक्सिजनशी जुळून सुपरऑक्साइड बनतो. एक विकर (एन्झाइम) त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचे पाणी करतात. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत ही शेवटची दोन विकरे मुळातच तुटपुंजी, म्हणून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाच मार जास्त बसतो. स्नायूंत आणि यकृतात हाच ताण इन्सुलिनचा निरोप मध्येच अडवतो. मग रक्तातली साखर आणखी वाढते आणि चक्र चालू राहते.

सोलापूरच्या ताटात
मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीत अँटिऑक्सिडंट (हा ताण आवरणारी द्रव्ये) भरपूर, असे सर्रास सांगितले जाते; पण ते मुख्यतः लाल आणि काळ्या वाणांबद्दल खरे आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी वाणाचा दाणा मोत्यासारखा पांढरा, त्यात टॅनिन हे अँटिऑक्सिडंट जवळजवळ नसते. तिचा खरा गुण चोथ्यात आहे: १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम. पीठ बारीक चाळून कोंडा टाकला, की त्यातला बराच भाग जातो. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात. कडक भाकरी हाताला हलकी लागते, कारण तिच्यातले पाणी गेलेले असते. पीठ तेवढेच राहते. मधुमेह्याने म्हणून मोजायचे ते पीठ. मऊ की कडक, याने हिशेब बदलत नाही.

शेंगा चटणीत भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरे, मीठ एवढेच. उखळात कुटली की दाण्यांचे तेल सुटते. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि त्यातला लिनोलेइक आम्लाचा भाग लवकर ऑक्सिडीकृत होतो. कुटल्यावर हवेला उघडा पृष्ठभाग वाढतो. त्यात सोलापूरचा चाळीस अंशांवरचा उन्हाळा, म्हणजे चटणी खवट व्हायला वेळ लागत नाही. खवट वास म्हणजे तेलाचे पेरॉक्साइड मोडून आल्डिहाइड झाल्याची खूण. पुन्हा भाजून किंवा तिखट वाढवून ते जात नाही. दाणे गार झाल्यावरच कुटावेत, थोडी थोडी चटणी करावी आणि झाकणाच्या कोरड्या काचेच्या बरणीत, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावी. बुरशी लागलेले, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून टाकावेत: त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष भाजल्याने पूर्ण नाहीसे होत नाही. दोन मोठे चमचे चटणीत सुमारे दहा ग्रॅम तेल पोटात जाते, हेही धरावे.

तळणीचे तेल हा जास्त गंभीर मुद्दा आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगे (तेल तापून बिघडल्याने बनणारी द्रव्ये) २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरता येत नाही. घरी मीटर नसतो. तेल दाट, काळपट झाले, फेस बसेना आणि लवकर धूर येऊ लागला, की ते टाकायचे. जुन्या तेलात नवे ओतून ते ताजे होत नाही.

डाळिंब आणि गोळ्या
राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगाव येथे आहे. डाळिंबातले प्युनिकॅलॅजिन हे अँटिऑक्सिडंट मुख्यतः सालीत असते, दाण्यांत थोडे. आतड्यातले जिवाणू या गटातील संयुगांपासून युरोलिथिन बनवतात, तेही सर्वांच्या पोटात सारखे नाही. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १४ ग्रॅम साखर असते. गाळलेल्या रसात साखर राहते, चोथा जातो.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा अनुभव निराशाजनक आहे. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत (१९९४) रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात जीवनसत्त्व क आणि ई यांच्या गोळ्यांनी व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारू दिला नाही. व्यायामात निर्माण होणारा थोडा ताण हाच पेशीला स्वतःची संरक्षक विकरे वाढवण्याचा इशारा असतो.

तपासणी
ऑक्सिडेटिव्ह ताण मोजणाऱ्या मॅलोनडायआल्डिहाइडसारख्या चाचण्या संशोधनात वापरतात. रुग्णाच्या उपचाराचा निर्णय त्यांवर होत नाही. दवाखान्यात पाहायचे ते उपाशीपोटी साखर (डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त म्हणजे मधुमेह), एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर (६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह) आणि कंबरेचा घेर: मर्यादा पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटर. लक्षणे नसतील तर निदानापूर्वी साखरेची चाचणी पुन्हा करून खात्री करतात.