गॅलरीतल्या ब्रह्मकमळाची रात्रपाळी

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो येतोच. पांढरंशुभ्र फूल, शेजारी निरांजन आणि खाली मजकूर: ‘हिमालयातलं दुर्मिळ ब्रह्मकमळ चौदा वर्षांनी उमललं, मनातली इच्छा मागा.’ त्याच घरात ते गेल्या वर्षीही उमललं होतं, पण ते कोण सांगणार!

हे झाड हिमालयातलं नाहीच. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातला हा निवडुंग, नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. खरं ब्रह्मकमळ, म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. ते उत्तराखंडचं राज्यफूल. साडेतीन हजार मीटरच्या वरच्या थंडीत वाढणारं हे झाड कोथरूडच्या गॅलरीत जगायचं नाही.

‘पानातून फूल येतं’ हाही चमत्कार नव्हे. ते पान नसून चपटी झालेली हिरवी फांदी आहे. कडेच्या खाचा पाहा. इतर निवडुंगांत जिथे काट्यांचे झुबके असतात, त्याच या जागा. इथे काट्यांऐवजी कळ्या धरतात.

मला खरा चमत्कार वाटतो तो या फांदीच्या आतला. हा निवडुंग मोठ्या झाडांच्या बेचक्यांत, मूठभर पालापाचोळ्यात मुळं रोवून राहतो. पाऊस कितीही पडो, पाणी तिथे थांबत नाही. भर उन्हात पर्णरंध्रं (हवेची ये-जा होणारी बारीक छिद्रं) उघडली तर कार्बन डायऑक्साइड आत येईल, पण पाण्याची वाफ बाहेर जाईल. म्हणून ती रंध्रं रात्री उघडतात. पण रात्री प्रकाश नाही, मग साखर बनणार कशी? तेव्हा आत आलेला वायू ‘पेप कार्बोक्सिलेज’ नावाचं विकर (एन्झाइम) पकडतं, त्यातून मॅलिक आम्ल बनतं (कच्च्या सफरचंदाला आंबट करणारं तेच) आणि पेशीतल्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे साठवणीच्या पिशव्यांमध्ये, साठतं. उजाडलं की रंध्रं बंद होतात, आम्ल फुटून वायू आतल्या आत सुटतो आणि रुबिस्को हे विकर त्याची साखर बनवायच्या कामाला लागतं.

याचा सुगावा जिभेला लागला होता, तोही भारतात. १८१०च्या दशकात बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हीच युक्ती वापरणाऱ्या पानफुटीची पानं चघळून पाहिली. ती सकाळी आंबट, दुपारी बेचव लागली. त्याआधी, १८०४ मध्ये, थिओडोर द सॉसुर या स्विस शास्त्रज्ञाने फड्या निवडुंग अंधारात कार्बन डायऑक्साइड शोषतो असं नोंदवलं होतं. खऱ्या ब्रह्मकमळाच्या ‘सॉसुरिया’ या प्रजातीला नाव मिळालं ते याच सॉसुरवरून आणि त्याच्या वडिलांवरून! ते नाव ठेवणाऱ्या द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञानेच पुढे १८२८ मध्ये आपल्या या तोतया ब्रह्मकमळाचंही वर्णन केलं.

नर्सरीवाले मात्र यातून भलताच अर्थ काढतात: ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड, बेडरूममध्ये ठेवा.’ ऑक्सिजन निघतो पाण्याचा रेणू फुटल्यावर, आणि त्यासाठी प्रकाश हवाच. रात्री हे झाड फक्त कच्चा माल भरून ठेवतं.

लावायला सोपं आहे. वीतभर फांदी कापा, चीक सुकेपर्यंत चार-पाच दिवस सावलीत ठेवा, मग भुसभुशीत मातीत खोचा. मातीत पालापाचोळ्याचं खत, वाळू आणि विटांचे तुकडे हवेत. पाणी साचलं की बुडखा कुजतो. कोवळं सकाळचं ऊन पुरतं, दुपारच्या उन्हात फांद्या पिवळ्या पडतात. युरियाचा मारा केलात तर फांद्याच फांद्या, फूल नाही. कळी धरल्यावर कुंडी इकडची तिकडे करू नका, कळ्या गळतात. लोंबणाऱ्या कळीचं टोक वर वळून फुगलं की एक-दोन दिवसांत रात्री ती उमलते आणि सकाळपर्यंत मान टाकते. निशाचर पतंगांसाठी एवढी वेळ पुरते, आणि पाहायचं असेल तर आपल्यालाही जागावं लागतं.