वस्तुजालातील बिनतारी जोडणी

घरातले दिवे, कुलपे, वीजमीटर, विहिरीवरची मोटर, गाडीच्या काचेवरचा फास्टॅग, दुकानात पैसे जमा झाल्याची वर्दी देणारा साउंडबॉक्स अशा रोजच्या वस्तूंना एकमेकींशी, मोबाइलशी किंवा दूरच्या सर्व्हरशी तारेवाचून जोडणाऱ्या रेडिओ तंत्रांचा समूह. अशा जोडलेल्या वस्तूंच्या जाळ्याला वस्तुजाल म्हणतात. बोलताना मात्र सगळे आयओटीच म्हणतात. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हे नाव केव्हिन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये एका सादरीकरणाला दिले होते. तेव्हा त्यांच्यासमोर होते ते दुकानातल्या मालाला लावायचे रेडिओ टॅग. बोलणारे दिवे आणि फ्रीज पुष्कळ नंतर आले. वाय-फाय, ब्लूटूथ, झिगबी, थ्रेड, झेड-वेव्ह, एनएफसी, लोरा, एनबी-आयओटी ही या समूहातली ठळक नावे. एकाच कामासाठी इतकी तंत्रे कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण लांबचा पल्ला, भरपूर माहिती आणि वर्षानुवर्षे टिकणारी बॅटरी या तिन्ही गोष्टी एका रेडिओत एकत्र मिळत नाहीत. कोणती तरी एक सोडावी लागते, आणि काय सोडायचे ते बहुतेक वेळा बॅटरी ठरवते.

विजेचा हिशेब

दारावर लावायच्या सेन्सरमध्ये किंवा किल्लीच्या टॅगमध्ये सीआर २०३२ हा बटणासारखा गोल सेल असतो. त्याची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. वाय-फायची चिप सतत जागी ठेवली तर ती सरासरी ७० मिलिअँपिअर सहज ओढते, म्हणजे हा सेल कागदावर तीन तास पुरेल. प्रत्यक्षात तेवढेही नाही, कारण इतका प्रवाह एकदम देणे या सेलला झेपतच नाही. उलट कमी ऊर्जेची ब्लूटूथ चिप झोपेत सुमारे २ मायक्रोअँपिअरवर राहते. नुसती झोपून राहिली तर तोच सेल बारा वर्षे चालेल असे गणित निघते. सेल आपोआप उतरतो आणि चिपला अधूनमधून उठावे लागते, म्हणून व्यवहारात एक-दोन वर्षे धरतात.

यावरून या सगळ्या तंत्रांचा खाक्या कळतो. बॅटरीवरची वस्तू जवळजवळ सगळे आयुष्य झोपेत काढते. क्षणभर उठते, चार अक्षरे पाठवते, उत्तर आहे का ते ऐकते आणि पुन्हा झोपते. प्रक्षेपण किती जोरात करावे यापेक्षा ऐकण्यासाठी किती वेळ जागे राहावे, यावरच अभियंत्यांची जास्त डोकेफोड झालेली आहे. लोरा या लांब पल्ल्याच्या तंत्रातल्या सर्वसाधारण उपकरणाला सर्व्हर हवे तेव्हा हाक मारू शकत नाही. उपकरणाने स्वतः संदेश पाठवला की त्यानंतर एका आणि दोन सेकंदांनी ते थोडा वेळ कान उघडते. तेवढ्यात सांगायचे ते सांगून घ्यायचे, नाहीतर पुढच्या संदेशाची वाट पाहायची.

वारंवारता आणि परवाना

रेडिओ लहरी वापरायला एरवी सरकारचा परवाना लागतो. प्रत्येक बल्बमागे परवाना काढावा लागला असता तर वस्तुजाल जन्मालाच आले नसते. म्हणून सिमवर चालणारी सोडली तर ही उपकरणे परवानामुक्त पट्ट्यांत चालतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये मोकळा झाला. जगभर हाच पट्टा मोकळा असल्यामुळे वाय-फाय, ब्लूटूथ, झिगबी सगळ्यांनी त्यातच गर्दी केली आहे, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गळतो. दुसरा पट्टा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. यातली लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीची, तर २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा सेंटिमीटर. तेवढ्याच शक्तीत लांब लहर दूर जाते आणि भिंतींतूनही बरी पार होते, म्हणून फास्टॅग, लोरा आणि बरेच वीजमीटर या पट्ट्यात सापडतात.

हा पट्टा देशोदेशी वेगळा आहे. युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास, तर अमेरिकेत ९०२ ते ९२८. अमेरिकेतल्या भावाने हौसेने आणलेले झेड-वेव्हचे कुलूप ९०८ मेगाहर्ट्झवर बोलते. भारतात तिथे मोबाइल फोन टॉवरशी बोलत असतात आणि तो भाग मोबाइल कंपन्यांनी परवाना घेऊन वापरलेला आहे. असे कुलूप इथे लावणे नियमात बसत नाही, आणि इथल्या ८६५.२ मेगाहर्ट्झच्या हबला, म्हणजे घरातली अशी उपकरणे जोडून घेणाऱ्या मधल्या डब्याला, ते ऐकूही येत नाही.

घरातली तंत्रे

भारतीय घरांत सर्वांत जास्त दिसते ते वाय-फाय. कारण सरळ आहे, राउटर आधीच घरात असतो आणि वेगळा हब घ्यावा लागत नाही. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१४ मध्ये ईएसपी८२६६ ही अतिस्वस्त चिप आणली, आणि त्यानंतर वाय-फायचे प्लग व बल्ब काहीशे रुपयांत मिळू लागले. या चिपला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. नवीन राउटर २.४ आणि ५ हे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवतो, मोबाइल ५ वर चिकटलेला असतो, आणि ॲप ‘डिव्हाइस सापडले नाही’ म्हणत बसते. दुकानदाराकडे परत येणाऱ्या कितीतरी प्लगांचे दुखणे एवढेच असते. राउटरमध्ये ५ चा पट्टा घटकाभर बंद केला की प्लग निमूट जोडला जातो.

ब्लूटूथचे काम एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झाले. वस्तुजालाला उपयोगी पडलेले त्याचे कमी ऊर्जेचे रूप मात्र नोकियाच्या ‘वायब्री’तून आले आणि २०१० च्या ४.० आवृत्तीत सामील झाले. त्यात ४० मार्गिका (चॅनेल) आहेत. त्यांतल्या तीन फक्त ‘मी इथे आहे’ असे जाहीर करायला राखून ठेवल्या आहेत, आणि त्या वाय-फायच्या १, ६ व ११ या गजबजलेल्या मार्गिकांना चुकवून बसवलेल्या आहेत. एअरटॅगसारख्या हरवलेली वस्तू शोधणाऱ्या टॅगमध्ये जीपीएस नसते. तो या मार्गिकांवर आपली खूण पुकारत राहतो. जवळून जाणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा फोन ती ऐकतो आणि स्वतःच्या ठिकाणासह पुढे कळवतो.

झिगबी, थ्रेड आणि झेड-वेव्ह ही जाळीदार तंत्रे आहेत. यांत प्रत्येक उपकरणाला हबपर्यंत पोचावे लागत नाही, शेजारच्या उपकरणापर्यंत पोचले तरी भागते. झिगबी आणि थ्रेड ही आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.१५.४ या २००३ च्या मानकावर उभी आहेत. त्यात वेग सेकंदाला २५० किलोबिट आणि एका वेळी पाठवायचे पुडके (पॅकेट) जास्तीत जास्त १२७ बाइटचे. दिवा लावायला एवढे भरपूर झाले. निरोप पुढे पोचवण्याचे काम विजेवरची उपकरणे करतात, म्हणजे मुख्यतः बल्ब. हे गणित आखणाऱ्यांनी भिंतीवरचा स्विच कायम चालू राहील असे धरले होते. आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना दिवा बोर्डावरच बंद करायची सवय घरोघरी हाडात भिनलेली; आजीने हॉलचा दिवा मालवला की मागच्या खोलीतला सेन्सरही मुका होतो. म्हणून भारतात स्मार्ट बल्बपेक्षा स्विचबोर्डाच्या आत बसणारे मॉड्यूल जास्त व्यवहार्य ठरते.

एका कंपनीचा दिवा दुसऱ्या कंपनीच्या हबला ओळखत नाही, ही तक्रार जुनी. त्यावर ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स यांनी डिसेंबर २०१९ मध्ये एकत्र येऊन काम सुरू केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ची पहिली आवृत्ती निघाली. मॅटर हा नवा रेडिओ नाही. वाय-फाय, थ्रेड किंवा इथरनेटवरून बोलायची ती सामाईक भाषा आहे; उपकरण पहिल्यांदा जोडून घेण्यापुरते ब्लूटूथ वापरले जाते. तिने भांडण पुरते मिटवले असे मात्र म्हणवत नाही, कारण दिव्याची खास वैशिष्ट्ये हवी असतील तर अजूनही त्या कंपनीचे ॲप उघडावे लागते.

बॅटरीच नसलेल्या वस्तू

फास्टॅग हे भारतातले सर्वांच्या परिचयाचे वस्तुजाल आहे, जरी त्याला कोणी तसे म्हणत नाही. टॅगमध्ये एक अतिलहान चिप आणि पातळ धातूचा अँटेना असतो, बॅटरी नसते. टोलनाक्यावर डोक्यावर बसवलेला रीडर ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो. त्यांतल्या किंचित ऊर्जेवर चिप जागी होते आणि स्वतः काहीही प्रक्षेपित न करता अँटेनाची परावर्तनक्षमता झपाट्याने कमीजास्त करते. परतणाऱ्या लहरीतला हा चढउतार म्हणजेच टॅगचा क्रमांक. परावर्तित शक्तीने संदेश देण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच मांडली होती.

टॅगमध्ये पैसे नसतात, फक्त ओळख असते. शिल्लक बँकेच्या खात्यात, आणि नाका ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या व्यवस्थेतून पडताळतो. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर लहर आतच येत नाही आणि चालकाला मागेपुढे करावे लागते. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला.

मेट्रोच्या कार्डातली एनएफसी याच कुळातली, पण १३.५६ मेगाहर्ट्झवर आणि चुंबकीय जोडणीने चालणारी. तिचा पल्ला काही सेंटिमीटरच, आणि पैशाच्या व्यवहाराला तेच सोयीचे.

लांब पल्ला

शेतातल्या उपकरणाला घरचे वाय-फाय मिळत नाही. महाराष्ट्रात यावर सर्वांत आधी तोडगा निघाला तो साध्या सिमकार्डाचा. कृषिपंपाची वीज आठवड्याआड रात्रीची येत असे; मोटर चालू करायला अंधारात, विंचूकाट्यातून विहिरीवर जायचे आणि पोचेपर्यंत लाईट गेलेली असायची. स्टार्टरला सिम असलेला डबा जोडला की घरूनच फोन लावायचा, ठरलेला आकडा दाबायचा आणि मोटर चालू. लाईट आहे की नाही तेही तोच सांगतो. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी बनवलेल्या ‘नॅनो गणेश’ या अशा उपकरणाला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत उदयोन्मुख बाजारपेठांच्या गटात पहिले पारितोषिक मिळाले. आज गावोगावी ‘मोबाइल स्टार्टर’ म्हणून मिळणारी उपकरणे याच धर्तीची. वस्तुजालाच्या चर्चेत दिव्यांचे रंग बदलणे पुढे असते. उपयोगाच्या तराजूत हा डबा कितीतरी जड आहे.

दुकानातला साउंडबॉक्सही सिमवरच चालतो. यंत्रांच्या सिमसाठी दूरसंचार विभागाने जुलै २०१८ पासून १३ अंकी क्रमांक आणले, माणसांचे १० अंकी क्रमांक संपू नयेत म्हणून. यंत्रांसाठीच घडवलेले मोबाइल तंत्र म्हणजे एनबी-आयओटी. त्याचे मानक २०१६ मध्ये पक्के झाले. एका मार्गिकेची रुंदी अवघी १८० किलोहर्ट्झ. जीपीआरएस या जुन्या मोबाइल इंटरनेटच्या तुलनेत शंभरपट क्षीण संकेतही त्याला वाचता येतो. तळमजल्यावरच्या कोंदट मीटरखोलीसाठी हा गुण मोलाचा. केंद्राच्या २०२१ च्या योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवले होते. काही मीटर थेट सिमवरून बोलतात, तर काही शेजारच्या मीटरमार्फत खांबावरच्या संकलकापर्यंत आकडे पोचवतात.

लोरा फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या सायक्लिओ कंपनीचे. २०१२ मध्ये सेमटेकने ती विकत घेतली. शिट्टीचा सूर खालून वर चढवत न्यावा तशी यातली लहर वारंवारता बदलत सरकते. हा चढता सूर गोंगाटाच्या खाली दबला तरी ओळखता येतो, म्हणून मोकळ्या माळावर दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला मिळतो. किंमत वेगात मोजावी लागते. सर्वांत सावकाश पातळीवर सेकंदाला ३०० बिटांहून कमी, आणि वीसेक अक्षरांच्या संदेशाला सेकंदाहून जास्त वेळ. मातीचा ओलावा, टाकीतली पाण्याची पातळी, असे तासातून एकदा कळले तरी चालणारे आकडे त्यावर पाठवावेत. कॅमेऱ्याचा विचारही करू नये. टाटा कम्युनिकेशन्सने २०१५ मध्ये मुंबई आणि दिल्लीत लोराच्या चाचण्या घेऊन देशव्यापी जाळ्याची घोषणा केली होती.

सुरक्षितता आणि आयुर्मान

२०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्याने फिलिप्सच्या ह्यू बल्बांतली कूटकिल्ली, म्हणजे त्यांचे कुलूप उघडणारा गुप्त आकडा, शोधून काढली, आणि ड्रोनवर बसवलेल्या उपकरणाने इमारतीबाहेरूनच आतले दिवे ताब्यात घेतले. कंपनीने ती फट बुजवली. त्याच वर्षी ‘मिराई’ या घातक प्रणालीने केलेले नुकसान मात्र अधिक मोठे होते आणि त्यात रेडिओचा काही दोष नव्हता. तिने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर पकडून त्यांची फौज उभी केली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये या फौजेच्या भडिमाराने ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडेनाशी झाली.

याहून कमी बोलला जाणारा धोका जाळेच बंद पडण्याचा. मीटर दहा वर्षे भिंतीवर राहतो; त्याचे जाळे तेवढे टिकेलच असे नाही. लोराशी स्पर्धा करणारी फ्रान्सची सिगफॉक्स जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि सिंगापूरच्या युनाबिझने ती घेतली. अमेरिकेत एटीअँडटीने २०१७ च्या सुरुवातीला २जी बंद केले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या अनेक बसगाड्या थांब्यावरच्या वेळफलकांवरून एकदम नाहीशा झाल्या, कारण त्यांच्यातले मोडेम २जीचे होते. भारतात जिओकडे २जी मुळातच नाही. एअरटेल आणि व्हीआयचे चालू आहे, आणि शेतांतले जुने मोबाइल स्टार्टर त्यावरच अवलंबून आहेत.