इंद्रधनुष्याच्या पलीकडे जाऊन बघितलं तर?

समजा श्रावणातली संध्याकाळ आहे, तुम्ही ताम्हिणी घाटात गाडी बाजूला लावून भाजलेलं कणीस खाताय, पाठीमागे पश्चिमेला मस्त ऊन पडलंय आणि समोर मुळशीच्या बाजूला पावसाची सर चाललीये, आणि त्या सरीवर हे एवढं मोठं इंद्रधनुष्य. तुमचा एक मित्र नेमका त्या सरीच्या पलीकडे आहे. त्याला फोन करून म्हणालात, अरे तुझ्या इथेच उतरलंय बघ, तर तो विचारणार, कुठंय? आणि बिचारा खरं बोलतोय. त्याला तुमच्या दिशेला बघायचं तर डोळ्यावर सरळ ऊन येतंय, धनुष्यबिनुष्य काही नाही.

त्याचं असं आहे की सूर्याचा किरण पावसाच्या थेंबात शिरताना वाकतो, थेंबाच्या मागच्या भिंतीवर आपटतो, तिथून थोडासा प्रकाश परत फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. हा परत आलेला प्रकाश एका ठराविक कोनात दाटतो, तांबडा साधारण 42 अंशांना आणि जांभळा 40 ला. हे अंश मोजायचे कुठून, तर तुमच्या डोक्याची सावली ज्या दिशेला पडते तिथून. म्हणजे इंद्रधनुष्याला जागा अशी नाहीच, फक्त दिशा आहे, आणि तीही तुमच्या डोक्यापासून मोजलेली! तुम्ही चार पावलं सरकलात की तेही सरकतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोला दिसतं ते वेगळ्याच थेंबांचं असतं. (भर दुपारी का दिसत नाही त्याचं उत्तरही इथेच आलं, सूर्य 42 अंशांच्या वर गेला की सपाट जमिनीवरून बघणाऱ्यासाठी अख्खी कमान क्षितिजाखाली जाते.)

एकच थेंब पकडून बघा, मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. कमानीच्या माथ्यावरचा, तुमच्यापासून 100 मीटरवर असलेला 1 मिलिमीटर जाडीचा थेंब घ्या, तो सेकंदाला साधारण 4 मीटर वेगाने खाली येतोय. 42 अंशांवर असताना तो तुम्हाला तांबडा प्रकाश पाठवतो, मग नारिंगी, पिवळा, हिरवा असं करत 40 अंशांपर्यंत घसरला की जांभळा, आणि संपलं. शाळेतलं अख्खं तानापिहिनिपाजा तो साधारण एका सेकंदात उरकतो, मग त्याच्या जागी वरून दुसरा येतो. कमान स्थिर दिसते, थेंब मात्र सारखे बदलत असतात.

आता पलीकडच्या मित्राकडे येऊ. थेंबाच्या मागच्या भिंतीवरून परत फिरणारा प्रकाश फारच थोडा असतो, नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश तिथूनच आरपार निघून जातो. म्हणजे तुमच्या वाट्याला उरलंसुरलं आलंय आणि त्याला सगळा लखलखाट, पण त्यात रंग असे काही उठून दिसत नाहीत. तरी त्याच्या बाजूला एक धनुष्य असतंच बरं का! थेंबाच्या आत दोनदा आपटलेला प्रकाश तुमच्याच बाजूला, मुख्य कमानीच्या बाहेर दुसरं फिकट धनुष्य करतो (त्यात रंग उलटे, जापानिहिपिनाता), पण तीनदा आपटलेला प्रकाश पलीकडे निघतो आणि त्याचं गोल कडं थेट सूर्याभोवतीच पडतं, सूर्यापासून 40 अंशांच्या आसपास. हे गणित धूमकेतूवाल्या एडमंड हॅलेने 1700 मध्येच मांडलं होतं. पण एक तर ते अगदीच फिकट, त्यात सूर्याच्या झगमगाटात, त्यामुळे त्याचा पहिला खात्रीलायक फोटो मिळायला 2011 साल उजाडलं. जर्मनीत मिखाएल ग्रॉसमन यांनी तो काढला, आणि त्यातही रंग नीट दिसायला फोटोवर बरीच प्रोसेसिंग करावी लागली.

मागे जायचं सोडा, नुसतं तांबड्या पट्ट्याच्या बाहेर सरकलं तरी काहीतरी आहे. 1800 मध्ये विल्यम हर्षलने लोलकातून पडलेल्या रंगांमध्ये थर्मामीटर ठेवून बघितले, तर तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा जास्त चढला. तो इन्फ्रारेड प्रकाश. मग पावसाचे थेंब त्याचंही धनुष्य करत असणारच ना? रॉबर्ट ग्रीनलर या अमेरिकन फिजिक्सवाल्याला हाच प्रश्न पडला, त्याने इन्फ्रारेड टिपणारी फिल्म घेतली, साधा प्रकाश अडवणारा फिल्टर कॅमेऱ्याला लावला आणि खरंच फोटो आला, तो त्याने 1971 मध्ये छापला. आपल्या नेहमीच्या तांबड्या पट्ट्याला लागूनच बाहेरच्या अंगाला हा पट्टा असतो, प्रत्येक इंद्रधनुष्यात, फक्त आपले डोळे तिथे चालत नाहीत.